१५ वर्षांच्या भाचीच्या ओव्हरीत ११ सेंमीची गाठ, ऑपरेशनआधी काय काय विचारायचं?

भीमाकाठ:
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, आता गरज पडलीये म्हणून लिहितोय. माझ्या ताईची मुलगी, वय १५, दहावीत. गेल्या दिवाळीपासून पाळी बंद. तालुक्याच्या गावी दाखवलं तर पीसीओडी म्हणून पाळी यायच्या गोळ्या दिल्या आणि वजन कमी करा म्हणाले (पोरगी आहे ४१ किलोची, कुठून कमी करणार). मग हनुवटीवर केस यायला लागले, आवाज घोगरा झाला, वर्गातल्या पोरी फोनवर "हॅलो, दादा आहेस का" म्हणून चिडवायला लागल्या तसं तिनं बोलणंच कमी केलं. ताईला वाटलं घसा बसलाय, हळद-दूध चालू. आता पोट दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली तर उजव्या ओव्हरीत ११ बाय ९ सेंमीची गाठ, अर्धी भरीव अर्धी पाण्याची, आत रक्तपुरवठा दिसतोय असं लिहिलंय. डावी नॉर्मल. सर्जन म्हणतायत परवा दुर्बिणीतून करू, आधी सुईने पाणी ओढून घेऊ म्हणजे गाठ लहान होईल आणि छोट्या छिद्रातून निघेल. रक्तात हिमोग्लोबिन, शुगर आणि सीए १२५ (ओव्हरीच्या कॅन्सरसाठी करतात ती टेस्ट) एवढंच केलंय, सीए १२५ ४८ आलंय. दाजी म्हणतायत फार नाही वाढलेलं, म्हणजे कॅन्सर नाही. आमची आई म्हणतेय ओव्हरी काढली तर पोरीच्या लग्नाचं काय. मला कोणीतरी सांगा, परवा होऊ द्यायचं की थांबवायचं?

टाकाटिपी:
मी गायनॅक आहे, रिपोर्ट न बघता निदान करणार नाही, पण दोन गोष्टी लगेच. आत्ता एकदम असह्य कळा, उलट्या, घाम असं काही आहे का? गाठीच्या वजनाने ओव्हरीला पीळ पडतो कधी कधी, तसं असेल तर परवा पण नाही, आत्ताच्या आत्ता जवळच्या हॉस्पिटलात. पीळ वेळेत सोडवला तर काळीनिळी दिसणारी ओव्हरी पण बऱ्याचदा परत जीव धरते.

पण दुखणं नेहमीचं, मंद असेल तर परवाचं थांबवा. आणि ते सुईने पाणी ओढणं तर अजिबात करू देऊ नका. साधी पाण्याची पिशवी असती तर गोष्ट वेगळी. भरीव भाग आहे, रक्तपुरवठा आहे, वर पोरीचा आवाज बदललाय. अशी गाठ पोटात फुटली किंवा सुईतून सांडली तर स्टेज वनची ए (ओव्हरीच्या आतच बंद) असलेली गाठ थेट वन-सी (पेशी पोटात सांडलेल्या) होते, आणि कित्येक प्रकारांत नुसत्या ऑपरेशनवर भागलं असतं तिथं केमो द्यायची वेळ येते. दुर्बिणीला माझा विरोध नाही, पण ११ सेंमीची गाठ अख्खी काढायची तर पोट उघडणं बरं. टाका मोठा येईल, येऊ दे.

भीमाकाठ:
उलट्या नाहीत. दुखतं ते मधून मधून, काल तर क्लासला पण जाऊन आली. धन्यवाद डॉक्टर, ताईला फोन करतो.

वाईचा नाना:
घाबरू नका. माझ्या मेहुणीची गाठ कांचनार गुग्गुळ आणि एका वैद्यांच्या काढ्याने दोन महिन्यांत विरघळली होती, सोनोग्राफीवाला पण चाट पडला. ऑपरेशन काय, कधीही होतं. नंबर व्यनि (खाजगी निरोप) करतो.

टाकाटिपी:
नाना, मेहुणीची होती ती बहुतेक फंक्शनल सिस्ट. पाळीच्या चक्रात होते, सहा ते आठ आठवड्यांत आपली आपण जाते, काढा घ्या नाहीतर उसाचा रस घ्या. वयात आलेल्या मुलींमध्ये सापडणाऱ्या बहुतेक सिस्ट त्याच असतात, म्हणून तर आम्ही सुद्धा साध्या सिस्टला हात न लावता परत सोनोग्राफी सांगतो. भरीव गाठ आणि दाढीचे केस याला दोन महिने थांबायचं नसतं.

पॅथवाली:
माझं काम काढलेली गाठ मायक्रोस्कोपखाली बघायचं, त्यामुळे थोडं लांबण लावते.

मोठ्या बायकांचा जो ओव्हरीचा कॅन्सर आपण ऐकलेला असतो (पोटात पाणी, सीए १२५ हजारांत) तो एपिथेलियल, म्हणजे आवरणाच्या पेशींचा. १०-१५ च्या वयात तो क्वचित. या वयात मुख्य गट जर्म सेलचा, म्हणजे बीजपेशींपासून होणाऱ्या गाठी. त्यातली सगळ्यात कॉमन डर्मॉइड, आत केस, चरबी, कधी दात सुद्धा, आणि ती साधी असते. कॅन्सरवाल्या म्हणजे डिसजर्मिनोमा, योक सॅक, इमॅच्युअर टेराटोमा. दुसरा छोटा गट सेक्स कॉर्ड स्ट्रोमलचा, या गाठी हार्मोन बनवतात. ज्युवेनाइल ग्रॅन्युलोसा असेल तर इस्ट्रोजेन, मग सहा-सात वर्षांच्या पोरीला छाती येते, पाळी सुद्धा येते. सर्टोली-लायडिग असेल तर टेस्टोस्टेरॉन, मग पाळी जाते, केस, पुरळ, आवाज. तुमच्या भाचीचं वर्णन वाचून माझं मन या शेवटच्याकडे जातंय, पण वर्णन म्हणजे निदान नव्हे.

सीए १२५ ४८ याला इथं काडीची किंमत नाही. पाळीत वाढतं, टीबीत वाढतं, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतं, आणि ज्या गाठींची आपण चर्चा करतोय त्यात नॉर्मल पण असू शकतं. ऑपरेशनच्या आधी एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच, इनहिबिन आणि टेस्टोस्टेरॉन या रक्ताच्या टेस्ट करा, कॅल्शियम पण घाला त्यात. एएफपी योक सॅकमध्ये प्रचंड वाढतं, एलडीएच डिसजर्मिनोमात, इनहिबिन ग्रॅन्युलोसा आणि सर्टोलीत. कॅल्शियम अशासाठी की हायपरकॅल्सेमिक टाइपची स्मॉल सेल कार्सिनोमा नावाची एक अतिशय वाईट गाठ तरुण पोरींमध्ये होते, दुर्मिळ आहे, पण कॅल्शियमची टेस्ट स्वस्तात होते. आधी का, तर गाठ काढल्यावर आकडे उतरायला लागतात. सुरुवातीचा आकडा हातात नसेल तर पुढं उतरतोय की रेंगाळतोय हे कशावरून ठरवणार? एएफपी साधारण ५ ते ७ दिवसांत निम्मं व्हायला पाहिजे, एचसीजी तर दीड दिवसात.

पीळ पडून इमर्जन्सी झाली तरी रिपोर्टची वाट न बघता नुसतं रक्त काढून ठेवा आणि आत जा. रिपोर्ट येईल मागून.

भीमाकाठ:
एक शंका. बीटा एचसीजी म्हणजे ती प्रेग्नन्सीचीच टेस्ट ना? ताईला सांगितलं तर ती भडकली, पोरीवर संशय घेतोस का म्हणाली.

टाकाटिपी:
तीच. आणि ताईंना सांगा की संशय घेऊ नये म्हणूनच ही टेस्ट नीट समजून घ्यायची. काही जर्म सेल गाठी स्वतःच एचसीजी बनवतात. माझ्या शिकायच्या दिवसांत एका मुलीला असंच आणलेलं, पोट वाढलेलं, घरी मेडिकलमधून पट्टी आणून केलेली, दोन रेघा. बापाने मारलेलं होतं, गालावर वळ होते. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं आणि बाजूला मोठी गाठ. गाठीचं दुःख राहिलं बाजूला, ती पोरगी आईकडे बघायलाच तयार नव्हती. पट्टीवर दोन रेघा आल्या की आधी सोनोग्राफी, बाकी सगळं नंतर.

बे एरियातला बंडू:
इकडे अमेरिकेत अशा केसमध्ये पेडियाट्रिक सर्जन, गायनॅक ऑन्कॉलॉजिस्ट, एंडोक्राइन सगळे एकत्र बसून ठरवतात. एग फ्रीझिंगचं पण विचारा, केमो द्यायची झाली तर मुलं होणार नाहीत.

सुगरणीचा खोपा:
बंडू, "मुलं होणार नाहीत" असं ठोकून देऊ नका हो, तिकडं एक कुटुंब घाबरून बसलंय.

माझ्या मुलीला १३ व्या वर्षी योक सॅक ट्यूमर निघाला. एएफपी २२ हजार होतं. एक ओव्हरी आणि त्या बाजूची नळी काढली, नंतर बीईपी केमो, म्हणजे ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिसप्लॅटिन. पाच दिवस सलग सलाइन, लघवी मोजायची, प्रत्येक वेळी भांड्यात घेऊन वहीत लिहायचं, कारण सिसप्लॅटिन किडनीला त्रास देतं. सुरू करायच्या आधी कानाची टेस्ट आणि फुफ्फुसात फुंकायची टेस्ट करून घेतली, कारण सिसप्लॅटिन कानाला आणि ब्लिओमायसिन फुफ्फुसाला. ब्लिओमायसिनच्या दिवशी थंडी वाजून ताप यायचा, पहिल्यांदा मी हादरले होते, सिस्टर म्हणाल्या येतो हो, नोंद करा फक्त. केस सगळे गेले, परत आले ते कुरळे आले. उलट्यांच्या गोळ्या वेळेवर दिल्या तर निभतं, पोरगी वरण-भातावर लिंबू पिळून खायची, बाकी कशाचाही वास नको.

आज कॉलेजात आहे. पाळी केमो संपल्यावर काही महिन्यांत आली, नियमित आहे. आमच्या ऑन्कॉलॉजिस्ट म्हणाल्या होत्या की या केमोनंतर बहुतेक मुलींची पाळी परत येते आणि पुढं मुलंबाळंही होतात. तुमच्या आईंना सांगा, एक ओव्हरी शाबूत असली की पाळी, लग्न, मुलं सगळं त्या एकीवर चालतं.

टाकाटिपी:
+१. सर्जनला स्पष्ट विचारा, "डावी ओव्हरी आणि गर्भाशय ठेवणार ना?" उत्तर आडवंतिडवं आलं तर दुसरा सर्जन बघा. मोठ्या बायकांची सवय असलेले काही जण सगळंच काढायच्या मागे लागतात, या वयात त्याची जवळपास कधीच गरज नसते. उजवी ओव्हरी नळीसकट न फोडता काढायची, पोट उघडल्या उघडल्या पाणी असेल तर ते नाहीतर सलाइनने धुऊन ते तपासायला पाठवायचं, ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा), पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर), ग्रंथी हाताने आणि डोळ्याने नीट तपासायच्या, संशय आला तिथला तुकडा घ्यायचा. डावी ओव्हरी नॉर्मल दिसत असेल तर उगाच तिचा तुकडा घ्यायचा नाही, चिकटून बसते आणि मुलं व्हायला त्याचाच अडथळा. हे सगळं ऑपरेशन नोटमध्ये लिहून मागा, "गाठ न फुटता निघाली" हे वाक्य सुद्धा.

बंडू, फ्रीझिंगचा मुद्दा चुकीचा नाही, केमो ठरली तर विचारायचाच. पण आत्ता नाही.

निशाचर:
अवांतर होईल, पण या वयाच्या मुलींचा विषय निघालाच आहे तर. मी मानसोपचार विभागात काम करतो. डर्मॉइड/टेराटोमा "साधी गाठ" असली तरी क्वचित तिच्यातल्या मेंदूसारख्या पेशींविरुद्ध शरीर अँटिबॉडी बनवतं आणि त्या अँटिबॉडी खऱ्या मेंदूवर जातात. अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, २००७ मध्ये डॉ. जोसेप डालमाऊ यांनी ओळखला. हसती-खेळती मुलगी आठवड्याभरात बरळायला लागते, झोप जाते, तोंडाच्या विचित्र हालचाली, फिट्स. आपल्याकडे "बाहेरचं झालंय" म्हणून आधी देवरुष्याकडे अंगारा, मग आमच्याकडे. अशा मुलीची पोटाची सोनोग्राफी केली पाहिजे हे अजून सगळीकडे पोचलेलं नाही. गाठ काढली आणि इम्युनोथेरपी दिली तर बऱ्याच जणी परत शाळेत जातात.

रानजाई:
बाप रे निशाचर, यावर वेगळा धागा काढा ना प्लीज.

भीमाकाठ:
अपडेट. परवाचं ऑपरेशन रद्द केलं. सर्जन नाराज झाले पण चिठ्ठी दिली, तेवढं चांगलं. रिपोर्ट: टेस्टोस्टेरॉन ४८०, एएफपी ३६ म्हणजे थोडं वाढलेलं, एचसीजी शून्यासारखं, एलडीएच आणि कॅल्शियम नॉर्मल, इनहिबिन वाढलेलं. एमआरआय झाला, बाकी कुठं काही नाही, छातीचा सीटी स्वच्छ. आता बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलला न्यावं की थेट परळला टाटाला? खर्चाचं पण बघावं लागणार, दाजींची शेती आहे आणि दोन वर्षं डाळिंबावर तेल्या.

पॅथवाली:
मुलीचं टेस्टोस्टेरॉन २०० च्या वर गेलं की पीसीओडी विसरा, गाठच शोधायची. ४८० आणि इनहिबिन, सर्टोली-लायडिगकडेच बोट जातंय. एएफपी थोडं वाढलेलं बघून दचकू नका, सर्टोली-लायडिगमध्येही तेवढं वाढतं, योक सॅकचा आकडा सुगरणताईंच्या लेकीसारखा असतो.

आता मला एक विचारायचंय. घरात कोणाला थायरॉइडची गाठ, गलगंड? लहान वयात?

भीमाकाठ:
हो!! माझ्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे तिच्या मावशीचा अख्खा थायरॉइड २२ व्या वर्षी काढलाय, गाठीच गाठी होत्या. आणि आमच्या आईच्या गळ्यावर पहिल्यापासून गाठ आहे, ती कधी दाखवलीच नाही. पण याचा ओव्हरीशी काय संबंध?

पॅथवाली:
संबंध असू शकतो. डायसर१ नावाचं जीन आहे. त्यात जन्मजात बिघाड असलेल्या घरांत एकाला मल्टिनोड्युलर गॉइटर (थायरॉइडमध्ये गाठीच गाठी), एकीला सर्टोली-लायडिग, एखाद्या लहान बाळाला फुफ्फुसात सिस्ट किंवा प्ल्युरोपल्मनरी ब्लास्टोमा (लहान मुलांतला फुफ्फुसाचा कॅन्सर) अशा वेगवेगळ्या गोष्टी निघतात, आणि वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेल्यामुळे कोणी जोडत नाही. बिघाड असलेल्या सगळ्यांना काही होतंच असं नाही, कित्येक जण आयुष्यभर ठणठणीत असतात. आधी गाठीचा रिपोर्ट येऊ दे, मग बोलू.

एक माझी रड ऐकून घ्या. गाठ काढली की नातेवाइकाच्या हातात बरणी देतात आणि लॅबला पाठवतात. एकदा एक मामा (तुमच्यासारखेच) एवढी मोठी गाठ पेढ्याच्या बरणीत कोंबून एसटीने घेऊन आले होते, वर फक्त सलाइन. पार सडलेली, अर्ध्या पेशी ओळखू येईनात. गाठ फॉर्मलिनमध्येच हवी, गाठीच्या निदान दहापट फॉर्मलिन, मोठ्या तोंडाचा डबा, म्हणून तर जिथं पॅथॉलॉजी आतच आहे तिथं ऑपरेशन करा म्हणते. दर सेंटिमीटरला निदान एक तुकडा बघावा लागतो, ११ सेंमीच्या गाठीचे दोनच तुकडे बघून "बिनाइन" लिहिलेले रिपोर्ट माझ्याकडे येतात तेव्हा डोकं फिरतं. आणि रिपोर्टबरोबर मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. कुठंही सेकंड ओपिनियनला गेलात तरी आधी तेच मागतात.

सुगरणीचा खोपा:
पैशांचं सांगते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आणि केमो बसतात, आता कव्हर ५ लाखांपर्यंत झालंय. रेशनकार्ड आणि मुलीचं आधार, दोन्हीवर नाव सारखंच आहे ना ते आत्ताच बघा, आमचं एका वेलांटीसाठी अडलं होतं. हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो त्याला आधी भेटा, बिल झाल्यावर नाही. राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती. टाटातल्या समाजसेवा विभागात जा, ते चिठ्ठी देतात. कॅन्सर पेशंटला रेल्वेत सवलत आहे, त्याचा फॉर्म पण हॉस्पिटलातच भरून मिळतो.

बार्शी जवळ आहे, पोरीला आणि ताईंना प्रवास कमी, मी असते तर आधी तिथं दाखवलं असतं. पण गाठ दुर्मिळ आहे तर स्लाइड टाटाला दाखवून घ्याच.

वाईचा नाना:
एवढं सगळं करताय ते ठीक, पण बरोबरीनं काढा चालू ठेवायला काय हरकत आहे? साइड इफेक्ट नसतो.

टाकाटिपी:
नाना, ऑपरेशनच्या आधी लिव्हर-किडनी कशानं बिघडली हे शोधत बसायची हौस कोणालाच नसते.

प्रशासक:
औषधं सुचवणारे प्रतिसाद या धाग्यावर ठेवले जाणार नाहीत. कृपया व्यनितूनही पाठवू नयेत.

भीमाकाठ:
मंडळी, ऑपरेशन झालं. पोट उघडूनच केलं, गाठ अख्खी निघाली, नोटमध्ये तसं लिहून घेतलंय. डावी ओव्हरी, गर्भाशय जागेवर. फायनल रिपोर्ट: सर्टोली-लायडिग सेल ट्यूमर, इंटरमिजिएट डिफरन्शिएशन (म्हणजे मधल्या दर्जाची), स्टेज वन-ए, धुतलेल्या पाण्यात पेशी नाहीत. इनहिबिन, कॅलरेटिनिन पॉझिटिव्ह, सॉल४ निगेटिव्ह असं पण लिहिलंय. स्लाइड टाटाला दाखवल्या, त्यांचंही तेच मत. केमो नको म्हणालेत, फक्त तपासण्या. टेस्टोस्टेरॉन ऑपरेशननंतर आठवड्यानं केलं ते ३१. ताई फोनवर रडत होती, दाजींनी गावात पेढे वाटायचे म्हणून काढले आणि आमच्या आईनं थांबवलं, दृष्ट लागेल म्हणून.

पॅथवाली:
छान बातमी. सॉल४ जर्म सेल गाठींत पॉझिटिव्ह येतं, म्हणजे तो गट बाद. इंटरमिजिएट, वन-ए, न फुटलेली, यात लक्ष ठेवणं हाच बऱ्याच ठिकाणचा रिवाज आहे. वन-सी असती किंवा पुअरली डिफरन्शिएटेड (जास्त आक्रमक) असती तर केमोचं बोलणं झालं असतं. ही गाठ परत उलटली तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटते, त्यामुळे ते फॉलोअप चुकवू नका, मग दहावी असो, बारावी असो.

आणि डायसर१. इंटरमिजिएट आणि पुअरली डिफरन्शिएटेड सर्टोली-लायडिगमध्ये हा बिघाड खूप मोठ्या प्रमाणात सापडतो, वर तुमच्या घरात गॉइटर. टाटात कॅन्सर जेनेटिक्सची ओपीडी आहे, तिथं पोरीचं रक्त द्या.

अबोली_२५:
मी फारशी लिहीत नाही. मला १७ व्या वर्षी हीच गाठ होती. भाचीला एक सांगा, पाळी येईल, माझी दीड-दोन महिन्यांत आली. पुरळ जातं. केस हळू जातात, जे जाड झालेत ते लेझरनेच गेले माझे. आवाज मात्र पूर्ण परत येत नाही, थोडा फरक पडतो. मला हे कोणी आधी सांगितलं नाही आणि मी रोज सकाळी उठून आवाज तपासायचे. स्पीच थेरपीने वरच्या पट्टीत बोलायची सवय लागते, त्याचा उपयोग झाला. आज मी कस्टमर केअरला आहे, दिवसभर फोनवरच बोलते, कोणी सर म्हणत नाही. म्हणालं तरी चालतं.

भीमाकाठ:
अबोलीताई, तुमचा प्रतिसाद भाचीला वाचून दाखवला. "लेझर कितीला पडतं विचार" म्हणाली.

अबोली_२५:
:) व्यनि करते. सहा महिने तरी थांब म्हणावं, हार्मोन आधी स्थिर होऊ दे.

भीमाकाठ:
डायसर१ चा रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह आहे. आता ताई, धाकटी बहीण आणि मी, तिघांनी रक्त द्यायचंय. मला दोन वर्षांचा मुलगा आहे. पॅथवाली मॅडम, तुम्ही फुफ्फुसाचं लिहिलं होतं ते वाचून बायको झोपली नाहीये. त्याचं काय करायचं?

पॅथवाली:
आधी तुमचं रक्त. तुमच्यात बिघाड नसेल तर मुलाचा विषय तिथंच संपला. तुमच्यात असेल तर त्याच्यात यायची शक्यता निम्मी-निम्मी, मुलगा-मुलगी भेद नाही. ती फुफ्फुसाची गाठ मुख्यतः सात वर्षांच्या आतल्या मुलांत होते, त्यामुळे त्याला खोकला-दम काही नसलं तरी तुमच्या रिपोर्टची वाट बघत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना हा रिपोर्ट दाखवून आत्ता एक छातीचा एक्स-रे काढून घ्या. पुढं सीटी लागेल का ते जेनेटिक्सवाले सांगतील. बहिणीला मुली असतील तर त्यांची सोनोग्राफी लहानपणापासूनच, पाळी यायची वाट न बघता. आणि आईंच्या गळ्याची एक सोनोग्राफी करून टाका आता.

भीमाकाठ:
एक्स-रे काढला, नॉर्मल आहे, बायकोला पण कळलंय. आईला गळ्याची सोनोग्राफी म्हटलं तर "चाळीस वर्षं आहे, आता काय" म्हणतेय, पण नातीनं दम दिला म्हणून बुधवारी येणार आहे. आमच्या तिघांचे रिपोर्ट यायला वेळ आहे, आले की इथंच टाकतो. आणि ज्यांनी ज्यांनी काढ्याचे नंबर व्यनित पाठवलेत त्यांना हात जोडून विनंती, बास आता.